चिंचेच्या शेजारचे सर्व्हर

फाल्गुन सरत आला की शिरूर-न्हावरा रस्त्यावर चिंचा झोडायला सुरुवात होते. यंदाही मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाहत उभी राहिले. दोन माणसं वर फांद्यांत, हातात लांब आकड्या. खाली जुन्या लुगड्यांची अंथरुणं पसरून बसलेल्या बाया. आकडी बसली की फांदी थरथरते आणि वाळलेल्या चिंचांचा खडखडाट खाली येतो. उन्हात तापलेल्या टरफलांचा, धुळीचा, आंबटगोड गराचा एक वास सुटतो. त्या वासाने बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र पंख्यांची घरघर ऐकू येते, गरम झालेल्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकावीशी वाटते.

माझी पहिली नोकरी चिंचेच्या शेजारी होती, हे मी कामावरच्या नव्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना ती गंमत वाटते. गंमत नव्हती. शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला एक शीतगृह होतं. त्यात चार मोठ्या खोल्या. तिथले लोक त्यांना चेंबर म्हणत. एकात बियाण्याचे बटाटे, दोनांत चिंच. चौथ्या, सगळ्यात लहान चेंबरमध्ये लोखंडी मांडण्यांवर आमचे सर्व्हर. दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. शाळा, कारखाने, छोट्यामोठ्या संस्था, सगळ्यांना आपली वेबसाईट हवी झाली होती आणि ती ठेवायला जागा हवी होती. आम्ही ती जागा देत होतो. आमच्या मशीनवर त्यांची पानं राहायची आणि जगात कुठूनही कुणी ती उघडली की आमच्या चेंबरमधला एक हिरवा दिवा लुकलुकायचा.

हा उद्योग मुंबई-पुण्यात न काढता शिरूरला काढायची कल्पना जगताप सरांची. ते मूळचे शिरूरचेच. मुंबईत दहा-बारा वर्षं नोकरी करून परतलेले, पन्नाशीकडे झुकलेले, आणि मनाशी एक गणित पक्कं केलेले. हमरस्त्याच्या कडेने टेलिफोनची मोठी तार गेलेली होती, शीतगृहाला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर होता, जनरेटर होता, आणि खोलीला थर्माकोलच्या जाड भिंती होत्या. सरांना वाटलं, थंडी आयतीच मिळेल.

मी दौंड तालुक्यातली, केडगावच्या अलीकडच्या वाडीवरची. सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नोकरी शोधत होते. मुलाखतीला त्या चौथ्या चेंबरमध्ये पाऊल टाकलं आणि पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मी सरांना सांगितलं की थर्माकोलची भिंत थंडी बाहेर जाऊ देत नाही तशी गरमीही जाऊ देत नाही. बटाटा स्वतः तापत नाही, मशीन तापतं. ही खोली म्हणजे झाकण लावलेलं पातेलं आहे, त्यातली हवा बाहेर काढल्याशिवाय कितीही एसी लावा, पुरायचे नाहीत. सरांनी भिंतीवर तळहात टेकवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, सोमवारपासून येशील का. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या सुंदर भिंतीला वरच्या बाजूने दोन भोकं पाडून पंखे बसवले. माझा त्या जागेवरचा हक्क त्या भोकांपासून सुरू झाला, असं मी समजत आले.

आमची वाडी धनगरांची. आजोबांनी मेंढरं हिंडवली, आबांनी, म्हणजे वडिलांनी, ती विकून कालव्याखालच्या जमिनीत कांदा आणि ऊस केला. मी शिरूरला एसटी स्टँडमागे खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी जायचे. तिकडे मोटारीला लाईट कधी पहाटे, कधी दुपारी, कधी नाहीच. एकदा जेवताना आबांनी विचारलं की तुमच्या मशिनींना दिवसभर वीज पुरती, आन् आमच्या मोटारीलाच कशी पुरत न्हाई. मी त्यांना आमचा जनरेटर, आमच्या बॅटऱ्या, सगळं समजावून सांगितलं. मला समजावून सांगायला फार आवडायचं तेव्हा. आबांनी ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

भारनियमन हा त्या वर्षांतला शब्द. वीज नसण्यालाही वेळापत्रक असतं हे त्या वर्षांनी आम्हाला शिकवलं. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला ते चिकटवलेलं होतं: कोणत्या वारी किती ते किती लाईट नाही. वेळापत्रकाबाहेरही ती जायची, ती वेगळी. लाईट गेली की बॅटऱ्यांचा यूपीएस चिरका आवाज करायला लागायचा. त्याच क्षणी मागच्या शेडकडे खडीवरून चपला वाजत जायच्या. त्या चपला बबनमामांच्या.

बबनमामा शीतगृहाचे जुने मिस्त्री. साठीचे, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात कायम एक टेस्टर. पूर्वी नदीवरच्या पाण्याच्या इंजिनांवर आयुष्य गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. पण मशीनचं दुखणं ते कानाने ओळखायचे. शीतगृहाचा मोठा जनरेटर आणि एक छोटा जुना जनरेटर, दोन्ही त्यांच्या हाताखाली. लाईट गेल्यापासून जनरेटर सुरू होऊन मामांनी त्याची वीज आमच्याकडे वळवणारा दांडा फिरवेपर्यंत एक मिनिटसुद्धा जायचं नाही. नाशिकला किंवा सांगलीला कुणी आमच्यावरचं पान वाचत असेल तर त्याला मागमूस लागायचा नाही, की मध्ये वीज गेली होती आणि शिरूरला एक म्हातारा माणूस खडीवरून धावत गेला होता. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं नीट केलेलं काम मला फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

चिंचेची मालकीण म्हणजे हमीदाचाची. शिरूरातल्या जुन्या बागवान घरातल्या. नवरा वारल्यावर झाडांचा धंदा त्यांनी स्वतः पुढे चालवलेला. हिवाळ्यातच गावोगाव हिंडून झाडं पारखायची, झाडावरची हिरवी चिंच बघून वर्षभराचा माल बोलून ठेवायचा, आणि हंगामात घरामागच्या शेडमध्ये पंचवीस-तीस बाया चिंच फोडायला बसवायच्या. टरफल काढून, चिंचोके काढून, शिरा ओढून झालेला गर पोत्यांत भरून आमच्या शेजारी यायचा. चिंच उन्हाळ्यात बाहेर राहिली की काळी पडते. गारव्यात राहिली तर तिचा तांबूस रंग वर्षभर टिकतो, आणि चिंचेच्या धंद्यात सगळं त्या रंगावर असतं. चाची आठवड्यातून दोनदा यायच्या, पोत्यांची तोंडं स्वतः दाभणाने शिवायच्या, आणि जाताना माझ्या टेबलावर मूठभर चिंच ठेवून जायच्या. मी काय काम करते ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. एकट्या पोरीने दिवसभर मशिनीच्या खोलीत बसायचं हे त्यांना मान्य होतं, एवढं मला पुरे होतं.

त्या वर्षी एका धर्मादाय संस्थेचं काम आमच्याकडे आलं. नर्सिंगचं शिक्षण, राहणं-जेवण फुकट, आणि प्रवेशपरीक्षेचे अर्ज पहिल्यांदाच फक्त इंटरनेटवरून. कामातून सरांना फारसं काही मिळणार नव्हतं, ओळखीखातर घेतलेलं. अर्ज आमच्याच एका मशीनवर भरले जायचे. मी सुरुवातीला त्याकडे लक्ष दिलं नाही. मग फोन यायला लागले.

फोन करणारे बहुतेक इंटरनेट कॅफेवाले असायचे. दौंडचे, बारामतीचे, पार बीड-परभणीकडचे. त्यांच्याकडे मुली यायच्या, खेड्यातून एसटीने, सोबत वडील किंवा भाऊ. त्यांच्या गावाला लाईट सकाळी तर आमच्याकडे दुपारी. आमच्याकडे आली की त्यांच्याकडे गेली. एका मुलीच्या हातात कॉम्प्युटर लागायचा तो दिवसातला अर्धा-पाऊण तास. त्या अर्ध्या तासात आमचं मशीन बंद असेल तर तिने परतीची एसटी धरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, वडिलांनी पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडवली तर. हे मला दौंडच्या एका कॅफेवाल्याने सांगितलं. तो रोज दुपारी फोन करायचा. “मॅडम, साईट चालू हाय न्हवं? आमची लाईट तीनला जाती. सहा पोरी बसल्यात.” मी म्हणायचे, चालू आहे, बसवा. आणि फोन ठेवल्यावर उगीचच उठून हिरव्या दिव्यांकडे बघून यायचे.

अर्जांचा शेवटचा दिवस एप्रिलमधला होता. संध्याकाळी पाचला अर्ज बंद.

त्या दिवशी सकाळी दहाला, वेळापत्रकाप्रमाणे, लाईट गेली. मोठा जनरेटर सुरू झाला आणि अर्ध्या तासाने त्याच्या आवाजात एक खरखर आली. मला ती कळली नसती. मामांच्या चपला पुन्हा वाजल्या म्हणून मी बाहेर आले. शेडमधून करपलेल्या वार्निशचा वास येत होता. मामांनी जनरेटर बंद केला, हात पुसले आणि सांगितलं की वाइंडिंग जळालं, आज तरी हा उठत नाही. त्यातच सबस्टेशनवरून कळलं होतं की आज तिथेही बिघाड आहे, दोनला येणारी लाईट संध्याकाळपर्यंत येईलसं दिसत नाही.

राहिला छोटा जनरेटर. त्याच्यावर एक तर शीतगृहाचा एक कंप्रेसर चालला असता, नाही तर आमची खोली. दोन्ही नाही. आणि शीतगृहाच्या मालकांचा नियम स्पष्ट होता: अडचणीत पहिला हक्क मालाचा. आमच्या करारातही ते लिहिलेलं होतं. चेंबरच्या आत यूपीएस चिरकत होता. बॅटऱ्या नव्या असताना वीस मिनिटं काढायच्या. त्या खोलीतल्या उन्हाळ्यांनी त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी बारा मिनिटं धरली.

मी मामांना विचारलं की कंप्रेसर बंद राहिला तर चिंचेचं काय होईल. मामा म्हणाले, “दार उघडलं न्हाई तर चेंबर रातच्यापत्तोर गार ऱ्हातंय. गारवा भिंतीत साठलेला हाय. पर आज चाचीची गाडी लागलीय.”

मी वळून पाहिलं. माल चढवायच्या ओट्याला एक ट्रक पाठीमागून लावलेला होता. निम्मा माल आज जायचा होता. म्हणजे दोन-तीन तास चेंबरचं दार उघडं, बाहेरची एप्रिलची हवा आत, आणि मागे राहिलेल्या निम्म्या मालाला घाम सुटून पुढे बुरशी. कंप्रेसर चालू असता तर ते निभलं असतं. त्याच्याविना निभलं नसतं. एक तर गाडी भरायची, नाही तर माझी मशीन चालवायची.

“चाची व्हय म्हणली तर मी दांडा तुमच्याकडं फिरवतो,” मामा म्हणाले. “न्हाई म्हणली तर न्हाई.”

ओट्यापर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं असेल. चाची पोत्यावर बसून दाभणात सुतळी ओवत होत्या. हमाल कमरेला फडकी बांधून तयार होते. मी एका दमात सांगितलं: मोठा जनरेटर गेला, छोट्यावर एकच काम होईल, आज मुलींच्या अर्जांचा शेवटचा दिवस आहे, पाचपर्यंत दार उघडू नका. दार बंद राहिलं तर तुमच्या मालाला काही होणार नाही, हे मी दोनदा म्हटलं.

चाचींनी विचारलं, कसले अर्ज. मी म्हटलं, नर्सिंगचे. खेड्यातल्या मुली आहेत. आज चुकलं तर वर्ष गेलं.

त्यांनी दाभण पोत्यात खोचलं आणि माझ्यामागे उभ्या मामांकडे पाहिलं. “बबन, दार बंद ठेवलं तर माल टिकंल का?”

“टिकंल.”

त्या थोडा वेळ ट्रककडे बघत बसल्या. मला तो वेळ फार लांब वाटला, कारण माझ्या डोक्यात मिनिटं चालली होती. मग त्यांनी हमालांना सांगितलं की ड्रायव्हरला चहा पाजून आणा, आणि स्वतः उठून चेंबरच्या दाराची कडी ओढून बघितली. “जा बेटी,” त्या म्हणाल्या. “तुझं काम कर.”

मामांनी दांडा फिरवला तेव्हा बॅटऱ्यांत तीन मिनिटं उरली होती.

पुढचे तास मी खोलीतच होते. मधे एकदा बाहेर आले तेव्हा ड्रायव्हर हिंदीत काहीतरी तावातावाने बोलत होता, त्याला रात्रीत कुठे तरी पोहोचायचं होतं, आणि चाची शांतपणे मान हलवत होत्या. नंतर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मोकळाच गेला असावा, असं मनात आलं आणि गेलं. कारण तेवढ्यात मामा दारात आले होते. उन्हाने छोटा जनरेटर तापत होता. ते म्हणाले, तिसरा हिस्सा भार कमी करा, न्हाई तर ह्यो बी जाईल.

म्हणजे काही मशीन बंद करायची होती. कोणती, ते विचारायला मी सरांना फोन लावला. ते पुण्यात होते. त्यांनी सांगितलं की मोठ्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, अर्जांचं मशीन बंद कर, संस्थेला मी समजावतो, मुदत वाढवून घेतील. मी म्हटलं, बीडच्या मुलीला मुदत वाढली हे कोण सांगणार. सर म्हणाले, हे तू ठरवायचं नाहीस. आणि फोन कट झाला, का त्यांनी ठेवला, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मी मोठ्या गिऱ्हाइकाची मशीन बंद केली. पुण्यातली घरं बांधून विकणारी एक कंपनी होती ती. ओळीने चार दिवे विझले. आबांना काय सांगायचं, दुसरी नोकरी कुठे बघायची, कुरकुंभला एका कारखान्यात जागा होती ती अजून असेल का, एवढं सगळं मनात येऊन गेलं आणि तरीही मन स्थिर होतं. तीनच्या आत दौंडचा फोन आला, मी म्हटलं, चालू आहे, बसवा. खोलीत इतकं तापत होतं की मी दारात ओला पंचा बांधून पुठ्ठ्याने वारा घालत होते. मामा पलीकडे जनरेटरच्या रेडिएटरवर बादलीने गोणपाट भिजवत होते. आम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतो, फक्त आवाजावरून सगळं ठीक आहे हे कळत होतं. मशीनवर अर्ज येत होते. चार वाजता येत होते, साडेचारला येत होते, पाचला पाच मिनिटं कमी असताना परभणीकडून एक आला. पाचला बंद झाले.

सहाच्या सुमाराला लाईट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींनी चेंबर उघडलं, एका पोत्यातला गर मुठीत दाबून उजेडात धरला. रंग जसाच्या तसा होता. त्यांनी मामांकडे बघून मान डोलावली.

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले. ती बांधकाम कंपनी रागावली, पण गेली नाही. दुपारी त्यांची वेबसाईट फारसं कुणी उघडलीच नव्हती. संस्थेने आभाराचं पत्र पाठवलं, सरांनी ते भिंतीवर लावलं. रविवारी मी वाडीवर गेले तेव्हा आबांना, आईला, शेजारच्यांना हा सगळा किस्सा रंगवून सांगितला. त्यात मी होते, मामा होते, बारा मिनिटं होती, सरांचा फोन होता. चाची एका वाक्यात होत्या: त्यांनीही ऐकलं.

पाऊस सुरू झाल्यावर एके दुपारी मामा माझ्या टेबलाशी चहा घेत बसले होते. मी सहज विचारलं की चाची हल्ली दिसत नाहीत. मामांनी बशी खाली ठेवली. मग सावकाश सांगितलं. तो ट्रक चाचींच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याचा होता, हैदराबादकडचा. वर्षानुवर्षं निम्मा माल तोच न्यायचा. त्याला त्या आठवड्यात माल हवाच होता. ट्रक मोकळा आला तसा त्याने बार्शीकडून घेतला आणि पुढे तिकडचाच झाला. चाचींनी उरलेला माल बाजारात थोडाथोडा विकला. चिंच फोडणाऱ्या बायांचं काम पंधरा दिवस आधी थांबलं. येत्या साली झाडं निम्मीच घेणार म्हणत होत्या.

“तुमाला तवाच ठावं होतं?” मी मामांना त्यांच्याच बोलीत विचारलं.

“गाडी परत जाईल ह्ये ठावं होतं. पुढचं कुणाला ठावं असतंय?”

मी त्याच संध्याकाळी शिरूर गावात त्यांच्या घरी गेले. शेड रिकामी होती, एका कोपऱ्यात चिंचोक्यांचा ढीग होता आणि त्यावर कोंबड्या पायांनी उकरत होत्या. चाचींनी पाट दिला, पाणी दिलं. मी माफी मागितली. कशाची, ते नीट सांगता येईना. माझ्यामुळे व्यापारी गेला, मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर, असं काहीतरी बोलत राहिले.

चाचींनी मला मध्येच थांबवलं. “ठावं असतं तर मागितलं नसतंस?”

नाही म्हणावंसं वाटत होतं, तेच शोभलं असतं. पण मला दौंडच्या सहा मुली आठवत होत्या, आणि परभणीची ती शेवटची.

“मागितलं असतं,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, “खरं बोललीस. मी बी दिलं असतं, कदाचित. पर तू म्हणलीस मालाला काय होणार न्हाई. मालाला काय झालं न्हाई, खरं हाय. गाडीचं तू बोललीच न्हाईस. मागायचं तर पुरतं मागावं, बेटी. समोरच्याचं काय जातंय ते समदं त्याच्यापुढं ठेवावं. मग तो देईल, न्हाई तर न देईल.”

चहा पिऊन मी निघाले. एसटी स्टँडपर्यंत पायी गेले. रस्त्यात माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी मी धाडस केलं असं मी सगळीकडे सांगत होते, आणि माझं काहीच गेलं नव्हतं. नोकरी राहिली, गिऱ्हाईक राहिलं, पत्र भिंतीवर लागलं. जे गेलं ते पोत्यावर बसलेल्या बाईचं गेलं, आणि तिने मला ते सांगितलंही नव्हतं.

मी रडले नाही. मला त्या वयातही रडण्यापेक्षा काम बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं की आपल्याला आपला स्वतःचा जनरेटर हवा, शीतगृहाच्या वाट्याची वीज आपण घ्यायची नाही. सर भले गृहस्थ होते. त्यांनाही ते लागलं. दिवाळीच्या आत जुना पण चांगला जनरेटर आला. त्याची सगळी जोडणी मी आणि मामांनी केली. हैदराबादच्या व्यापाऱ्याचा नंबर मी चाचींकडून घेतला आणि त्याला फोन करून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की ट्रक मोकळा पाठवण्यात चाचींचा दोष नव्हता, मी अडवला होता. पुढच्या हंगामात त्याची गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या हंगामात आली, छोटी, आणि तिच्यात पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याइतका माल गेला. चाची त्या दिवशी दाभण घेऊन पुन्हा पोत्यावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला, आणि पुन्हा सुतळी ओवायला लागल्या.

त्या नर्सिंगच्या मुलींचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. किती पास झाल्या, किती शिकल्या, कुणी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या माझ्या कुणी लागत नव्हत्या. त्यांच्याकडे अर्धा तास लाईट होती आणि तेवढा वेळ माझं मशीन चालू होतं, इतकाच आमचा संबंध.

पुढे सर्व्हरची मोठमोठी केंद्रं उभी राहिली, सरांसारख्यांची छोटी दुकानं त्यांच्यापुढे टिकली नाहीत. आमची मशीन एका टेंपोतून मुंबईला गेली आणि चौथ्या चेंबरमध्ये पुन्हा बटाटे आले. मी त्याच विद्येवर पुढे चालत राहिले. आता मी मोठ्या डेटा सेंटरची वीज कुठून आणायची, किती ठिकाणांहून आणायची, एक गेली तर दुसरी कशी लावायची, हे ठरवते. हे काम मला चांगलं येतं. माझ्या आराखड्यावर शंका घ्यायची तर पूर्ण तयारीनिशी यावं लागतं, हे आमच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात अशाच एका कामासाठी एका गावात गेले होते. आमची नवी लाईन त्यांच्या शिवारातून न्यायची होती आणि जोडणीच्या काळात गावच्या मोटारींचे दिवसाचे चार तास जाणार होते, आठ आठवडे. सोबतच्या साहेबांनी सुचवलं होतं की तासांचं आत्ता बोलू नये, जमिनीचा मोबदला सांगावा, बाकीचं ओघाने होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं बसली होती. मी उभी राहिले आणि पहिल्यांदा ते चार तास सांगितले. कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाच्या कोणत्या पाण्याला ते तास पडतील, तेही सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

लोकांनी आपसात बोलून घेतलं. एक वयस्कर आप्पा उठले आणि म्हणाले, “बाई, तुमी समदं सांगितलं, बरं केलं. पर कांद्याच्या टायमाला आमाला जमायचं न्हाई.”

मी म्हटलं, ठीक आहे. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही लाईन दुसऱ्या बाजूने, लांबून, नाल्याच्या कडेने न्यायचं ठरवलं. काम तीन महिने मागे पडणार आहे. त्या दिवशी निघताना त्या आप्पांनी गाडीत ताज्या पातीच्या कांद्यांची जुडी ठेवली. पुण्यापर्यंत मी खिडकी उघडी ठेवून बसले होते. बऱ्याच दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.